बेंबीपाशी उडणारी नाडी आणि रिपोर्टातला आकडा

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरच्या आरोग्याच्या कार्यक्रमातलं भाषण, बोललं तसं.)

 

आपल्याकडं कुणाचं पोट दुखायला लागलं की एखादी जाणती बाई म्हणते, "बेंबी सरकली असेल, बघू बरं." मग माणसाला उताणं झोपवतात, बेंबीवर अंगठा दाबतात आणि आत उडणारी नाडी लागते का ते बघतात. नाडी मधोमध लागली तर बेंबी जागेवर, बाजूला लागली तर सरकली. मग तेल लावून पोट चोळायचं, नाहीतर पोटावर तांब्या लावायचा.

आता ही जी नाडी अंगठ्याला लागते, ती बेंबीची नसतेच. ती आपल्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीची असते. आज आम्ही त्याच रक्तवाहिनीबद्दल बोलणार आहोत. कारण काही माणसांच्या पोटात ती हळूहळू फुगत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटते. वेळेवर कळलं तर माणूस वाचतो. आणि कळायला लागते फक्त एक साधी सोनोग्राफी आणि तिचा रिपोर्ट नीट वाचणारं घरातलं कुणीतरी.

आधी ही रक्तवाहिनी कुठं असते ते समजून घेऊ. काळजातून शुद्ध रक्त घेऊन एक जाड नळी निघते. तिला महाधमनी म्हणतात, डॉक्टर लोक एओर्टा म्हणतात. छातीतून ती खाली येते, पोटात पाठीच्या कण्याला अगदी खेटून जाते, वाटेत आतड्यांना, मूत्रपिंडांना फांद्या देते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. धरणाचा मुख्य कालवा आणि त्याच्या चाऱ्या असतात ना, तसंच. पोटातल्या भागात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढी.

आता मोटारीचा पाइप डोळ्यांपुढं आणा. बरीच वर्षं दाबाचं पाणी वाहून एखाद्या जागी तो नरम पडतो आणि तिथं फुगा धरतो. पाणी चालूच राहतं, पिकाला पाणी पोचतंच, म्हणून आपलं लक्ष जात नाही. महाधमनीचंही तसंच होतं. भिंत कमजोर झाली की रक्ताच्या दाबानं ती फुगते. रुंदी तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाली की डॉक्टर त्याला एन्युरिझम म्हणतात. आम्ही आज त्याला फुगवटा म्हणू. बहुतेक वेळा हा फुगवटा मूत्रपिंडांच्या फांद्यांच्या खालच्या भागात असतो. एकदा फुगायला लागला की जेवढा मोठा होतो, तेवढा त्याच्या भिंतीवरचा ताण वाढतो आणि फुटायची भीतीही वाढते.

हा फुगवटा कुणाला होतो? सगळ्यात मोठं कारण बिडी-सिगारेट. तंबाखूचा धूर वर्षानुवर्षं आत गेला की धमनीची भिंत पोखरते. दुसरं कारण वय. साठीनंतर याचं प्रमाण वाढत जातं. तिसरं, पुरुषांना हा बाईपेक्षा कितीतरी जास्त होतो. चौथं, घरातल्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यात कुणाला असेल तर धोका वाढतो. वाढलेलं बीपी आणि धमन्यांत साचणारी चरबी यांचाही हात असतो. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी बिडी सोडली त्यांचा धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. म्हणून "आमच्या मालकांनी केव्हाच सोडली" एवढ्यावर थांबू नका.

आता तुम्ही म्हणाल, पुरुषांचा आजार आहे तर आम्हा बायांना कशाला सांगता? त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे कागद, गोळ्या, दवाखान्याच्या फेऱ्या आपल्याच हातात असतात. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. बाईला हा आजार कमी होतो, पण झाला तर तिचा फुगवटा पुरुषापेक्षा लहान असतानाच फुटू शकतो. बाईची धमनी मुळातच थोडी बारीक असते. तरीही बाईच्या पोटदुखीत या आजाराचा विचार सगळ्यात शेवटी होतो. ज्या भागात बाया बिडी ओढतात, तिथं ही गोष्ट विसरून चालणार नाही. मशेरीचं विचारलंत, तर या फुगवट्याशी सगळ्यात पक्कं नातं धुराचं आहे. पण मशेरीनं तोंडाचा कॅन्सर होतो, म्हणून तिलाही घरात जागा देऊ नका.

आता हा ओळखायचा कसा? अडचण इथंच आहे. बहुतेकांना काहीच त्रास नसतो. काहींना पोटात खोलवर किंवा कंबरेत दुखत राहतं. एखाद्याला झोपल्यावर पोटात काहीतरी उडतंय असं वाटतं. मात्र बारीक अंगाच्या माणसाच्या पोटात नाडी उडताना दिसणं हे पुष्कळदा अगदी साधं असतं, त्यानं घाबरू नका. तज्ज्ञ डॉक्टर दोन्ही हातांची बोटं पोटावर ठेवून बघतात की नाडी नुसती वर उडते की दोन्ही बाजूंना पसरते. बाजूंना पसरत असेल तर संशय येतो. पण हातानं तपासून प्रत्येक फुगवटा कळत नाही. तो लहान असला किंवा माणूस जाड असला की हाताला लागतच नाही. म्हणून हाताला काही लागलं नाही याचा अर्थ आत काही नाही, असा धरायचा नाही.

आणि एक विनंती. साठीच्या पुढच्या माणसाच्या बेंबीपाशी उडणारी गाठ लागली, तर पोट चोळू नका, दाबू नका, तांब्या लावू नका. सरळ डॉक्टरांकडं न्या.

पक्कं कळतं ते सोनोग्राफीनं. पण आपल्याकडं सोनोग्राफी म्हटलं की गरोदर बाईच आठवते. केंद्राच्या दारात "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी असते, तीही आपल्या डोळ्यांत बसलेली. त्यामुळं म्हातारा माणूस म्हणतो, "मला काय मूल व्हायचंय?" त्यांना समजावून सांगा की तेच यंत्र आहे, तीच थंड जेली लावतात. सुई नाही, दुखत नाही, क्ष-किरण नाहीत. धमनी बघायला पाच-दहा मिनिटं पुरतात. पोटात गॅस असला की आतलं नीट दिसत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी जायला सांगतात. किती तास उपाशी राहायचं ते केंद्रात विचारून घ्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर तेही आधी सांगा.

या साध्या तपासणीची किंमत कळायला एक जुनी गोष्ट सांगतो. अल्बर्ट आइनस्टाइन हे मोठे शास्त्रज्ञ. त्यांचं पोट वारंवार दुखायचं. सोनोग्राफी तेव्हा नव्हती. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसन या सर्जननं त्यांचं पोट उघडलं, तेव्हा कुठं महाधमनीचा मोठा फुगवटा दिसला. फुगलेला भाग बदलायची सोयही त्या काळी नव्हती, म्हणून त्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्यानंतर आइनस्टाइन सहा वर्षांहून जास्त जगले आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुगवटा फुटून गेले. एवढ्या मोठ्या माणसाच्या पोटात काय आहे हे बघायला पोट फाडावं लागलं होतं. आज तेच तालुक्याच्या गावी जेली लावून दिसतं.

ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वर्षांच्या सुमारे ६७,८०० पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना सोनोग्राफीसाठी बोलावलं, निम्म्यांना नाही. २००२ मध्ये त्याचा निकाल आला. चार वर्षांत या आजारानं बोलावलेल्यांतले ६५ जण दगावले आणि न बोलावलेल्यांतले ११३. त्यानंतर इंग्लंडमध्ये पुरुष ६५ वर्षांचा झाला की त्याला या तपासणीचं पत्र जातं. अमेरिकेतही ६५ ते ७५ वयाच्या, कधीही सिगारेट ओढलेल्या पुरुषांना एकदा सोनोग्राफी करायचा सल्ला देतात. आपल्या देशात असं पत्र येत नाही. त्यामुळं आपल्याकडं हा फुगवटा बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित सापडतो. लघवीचा त्रास होता, पित्ताशयात खडा आहे का बघायचं होतं, म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात एक ओळ आली. ती ओळ कुणी वाचली नाही तर तपासणी होऊनही न झाल्यासारखी.

म्हणून आता रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो. रिपोर्ट इंग्रजीत असतो. आपल्या गटात दहावी-बारावी शिकलेली एखादी पोर असतेच, तिला जवळ बसवा. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड अशा एकेक अवयवाची ओळ असते. त्यात "एओर्टा" हा शब्द शोधायला सांगा.

तिथं नॉर्मल लिहिलं असेल तर ठीक. गॅसमुळं एओर्टा दिसली नाही असं लिहिलं असेल, तर ती तपासणी झालेलीच नाही असं समजा. धोका असलेला माणूस असेल तर पुन्हा उपाशीपोटी करून घ्या. आणि एओर्टाची ओळच नसेल तर डॉक्टरांना विचारा की धमनी बघितली होती का.

तिथं आकडा असेल तर आकड्यापुढचं माप बघा. काही ठिकाणी सेंटिमीटरमध्ये लिहितात, काही ठिकाणी मिलिमीटरमध्ये. ४६ मिलिमीटर म्हणजेच ४.६ सेंटिमीटर. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना हा घोळ होऊ देऊ नका.

आकड्याचा अर्थ असा. तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर फुगवटा नाही. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याहून जरा मोठा आकार झाला की फुगवटा सुरू झाला असं धरतात. ३ ते ५.४ सेंटिमीटर म्हणजे फुगवटा आहे, पण ऑपरेशनची घाई नाही, ठरलेल्या वेळी पुन्हा मोजायचं. इंग्लंडमध्ये ४.४ पर्यंत वर्षातून एकदा आणि ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी मोजतात. इतर देशांत हे अंतर थोडं वेगळं आहे. आपल्या माणसाचं अंतर आपले डॉक्टर ठरवतील. पुरुषामध्ये ५.५ सेंटिमीटर झाला, म्हणजे जवळपास मध्यम कांद्याएवढा, की ऑपरेशनचा विचार करतात. बाईमध्ये ५ सेंटिमीटरलाच करतात. हा बाईचा वेगळा आकडा लक्षात ठेवा. आकडा लहान असूनही फुगवटा भराभर वाढत असेल, वर्षात एक सेंटिमीटरहून जास्त वाढला असेल, किंवा पोट-पाठ दुखायला लागली असेल, तर आकड्याची वाट बघत नाहीत.

आता आमच्या भागातल्या एका वहिनींची गोष्ट. त्यांच्या परवानगीनं सांगतो, नाव मात्र सांगत नाही. त्यांचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, तेव्हा ६७ वर्षांचे होते. मिसरूड फुटल्यापासून बिडी. लघवीला अडायला लागलं म्हणून एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. प्रोस्टेटच्या गोळ्या मिळाल्या, लघवी मोकळी झाली, आबा खूश. रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत गेला. पाच महिन्यांनी वहिनी योजनेच्या कार्डासाठी घरातले सगळे कागद घेऊन गटात आल्या. कागद लावता लावता उपकेंद्रातल्या सिस्टरांनी तो रिपोर्ट सहज वाचला आणि त्या थबकल्या. शेवटून तिसऱ्या ओळीत एओर्टा ४६ मिलिमीटर असं लिहिलेलं होतं. घरात ते कुणालाच कुणी सांगितलेलं नव्हतं.

वहिनींनी घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "माझं काही दुखत नाही, उगीच पैसे घालवू नका." नवरा म्हणाला, सुगी झाल्यावर बघू. वहिनींनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "सुगीला अजून दोन महिने आहेत. दाखवायला एक दिवस लागतो. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबू." जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जननं तपासलं आणि खरोखर थांबाच म्हणाले. बिडी बंद करा, बीपीची गोळी रोज घ्या आणि सहा महिन्यांनी परत या. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "बघ, काही केलं का त्यांनी?" वहिनींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागं लिहिलं: ४.६. सहा महिन्यांनी ४.८. मग ५.१. मग ५.३. पुढच्या खेपेला ५.६ आलं आणि सर्जन म्हणाले, आता ऑपरेशन करू. आबांचं ऑपरेशन झालं. सावरायला तीन महिने लागले. आता संध्याकाळी पारावर जाऊन बसतात. बिडीवाल्यांपासून जरा लांब बसतात, एवढाच फरक.

त्या घरात "काही केलं नाही" असं जे वाटलं, ते पुष्कळ घरांत वाटतं. म्हणून डॉक्टर का थांबतात तेही सांगायला हवं. हे ऑपरेशन मोठं आहे, त्यातही जिवाला धोका असतो. लहान फुगवटा फुटायची भीती त्या धोक्यापेक्षा कमी असते. ब्रिटन आणि अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले. ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या फुगवट्यांत काहींचं लगेच ऑपरेशन केलं, काहींवर नुसती नजर ठेवली. लगेच ऑपरेशन केलेले जास्त जगले, असं काही आढळलं नाही. म्हणजे ठरलेल्या तारखेला जाऊन मोजून घेणं हाच त्या काळातला उपचार. तारीख चुकवली तर उपचार चुकवला.

मोजण्यातली आणखी एक गोष्ट. केंद्र बदललं, मोजणारं माणूस बदललं, तर दोन-चार मिलिमीटरचा फरक तसाही पडतो. काहीजण धमनीच्या भिंतीच्या आतून मोजतात, काही बाहेरून. त्यामुळं ४.२ चं ४.४ झालं म्हणून रात्रभर जागू नका. शक्यतो एकाच केंद्रात जा, आणि दर वेळी जुने सगळे रिपोर्ट बरोबर न्या. एकटा आकडा फार थोडं सांगतो. आकड्यांची रांग दिसली की वाढ कळते.

ऑपरेशनची वेळ आली की पुढच्या तपासण्या सुरू होतात. सोनोग्राफी फुगवटा आहे का आणि केवढा आहे हे सांगते. तो नेमका कुठून सुरू होतो, मूत्रपिंडांच्या फांद्यांपासून किती लांब आहे, पायांकडच्या धमन्या कशा आहेत, हे बघायला सीटी अँजिओग्राफी लागते. त्यात हाताच्या शिरेतून एक औषध सोडतात, त्यामुळं धमन्या चित्रात उजळून दिसतात. ते औषध मूत्रपिंडांवर भार टाकू शकतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनीन तपासतात. पूर्वी कुठल्या औषधाची किंवा इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आली असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर तिथल्या माणसांना न विसरता सांगा. मग काळजाची तपासणी होते, ईसीजी आणि इको. फुप्फुसांची होते, कारण बिडीनं तीही थकलेली असतात. या तपासण्यांची यादी बघून काही घरं घाबरतात, काहींना वाटतं पैसे काढायला लावल्यात. पण हा माणूस ऑपरेशन सोसेल का आणि कोणतं ऑपरेशन सोसेल, हे त्यांवरूनच ठरतं.

ऑपरेशन दोन तऱ्हांचं असतं. एकात पोट उघडून फुगलेल्या भागाच्या जागी खास कापडाची नळी शिवतात. दुसऱ्यात जांघेतल्या धमनीतून नळी आत सरकवून फुगवट्याच्या आत बसवतात. त्यात चिरा लहान असतो, माणूस लवकर उठतो, पण पुढं नियमित स्कॅन करत राहावं लागतं. प्रत्येकाच्या धमनीला दुसरी तऱ्हा बसतेच असं नाही. खर्च मोठा असतो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. आपल्या माणसाचं ऑपरेशन योजनेत कसं बसतं, कोणत्या रुग्णालयात होतं, हे त्यांना आधीच विचारा. कार्ड घाईच्या वेळी काढायला जाऊ नका, आत्ताच काढून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हातातलं काम जरा बाजूला ठेवून ऐका.

फुगवटा फुटला किंवा फुटायला लागला तर काय होतं? एकाएकी पोटात, पाठीत किंवा कुशीत जीवघेणी कळ येते. माणूस घामानं निथळतो, अंग गार पडतं, चेहरा पांढराफटक होतो, उभं राहिलं की भोवळ येते. कळ कधी जांघेकडं उतरते, म्हणून मुतखडा वाटतो. कधी वायगोळा वाटतो, कधी उसण भरली असं वाटतं. साठीच्या पुढच्या बिडी ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली, तर आधी ही धमनी बघायला हवी. फुटल्यावर दहांतली सुमारे आठ माणसं वाचत नाहीत. पुष्कळशी वाटेतच जातात. जी वाचतात ती लवकर योग्य जागी पोचली म्हणून.

अशा वेळी ओवा-हिंग देऊन वाट बघू नका. पोट शेकू नका, चोळू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. माणसाला चालवू नका, आडवं ठेवा. १०८ ला फोन लावा आणि वय, कळ आणि भोवळ या तीन गोष्टी सांगा. जिथं सीटी स्कॅन आहे आणि मोठं ऑपरेशन होतं, अशा जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या. फुगवटा आहे हे आधीपासून माहीत असेल तर जुने रिपोर्ट हातात घ्या आणि दारातच सांगा, "यांच्या पोटातल्या धमनीला फुगवटा आहे." या एका वाक्यानं डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो. माहीत नसेल तर विचारा, "पोटातली मोठी धमनी बघाल का?" बाईचं पोट दुखत असेल तरीही विचारा. विचारणं म्हणजे डॉक्टरांना शिकवणं नव्हे. रक्त द्यायला धडधाकट दोन-तीन माणसं बरोबर असू द्या.

आमच्याकडं काही प्रश्न नेहमी येतात. फुगवटा असलेल्या माणसानं काम करावं का? लहान फुगवट्यात चालणं-फिरणं, हलकं काम चालतं. पोती उचलण्यासारखं जड काम किती करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. फुगवटा जिरवायची गोळी आहे का? नाही. बीपीची गोळी आणि चरबीची गोळी काळजाला आणि मेंदूला सांभाळतात, त्या घ्यायच्याच. पण फुगवटा लहान करणारं औषध अजून मिळालेलं नाही. कुणी काढा किंवा चूर्ण विकायला आलं तर पैसे जपा. मग आपल्या हातात काय आहे? बिडी. ओढत राहिलं तर फुगवटा लवकर वाढतो आणि फुटायची भीतीही वाढते. सगळ्यांनीच सोनोग्राफी करून घ्यावी का? तशी गरज नाही. साठी-पासष्टी ओलांडलेले, आयुष्यात कधीही बिडी-सिगारेट ओढलेले पुरुष, आणि ज्यांच्या आई-वडील-भावंडांत हा फुगवटा निघाला आहे असे स्त्री-पुरुष, यांनी डॉक्टरांना विचारून एकदा करून घ्यावी. बिडी ओढणाऱ्या वयस्कर बाईनंही डॉक्टरांना विचारावं.

मैतरणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीला एक काम करूया. प्रत्येकीनं घरातल्या थोरल्या माणसांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीतून काढून आणायचे. स्वतःचे असतील तर तेही. शिकलेल्या पोरींनी एओर्टाची ओळ शोधायची आणि वहीत माणसाचं नाव, तारीख आणि आकडा लिहायचा. जिथं आकडा तीनच्या पुढं दिसेल किंवा काही कळणार नाही, ते कागद आशाताईंना किंवा सिस्टरांना दाखवायचे. दुसऱ्याच्या घरचा आकडा गावभर सांगायचा नाही, एवढं पथ्य पाळायचं. आणि त्याच दिवशी सगळ्यांचं बीपीही मोजून घ्यायचं.

पिशवीतून किती कागद निघाले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तोवर घरातल्या सगळ्यांना जपा, आणि स्वतःलाही. नमस्कार.